महिरपी कंस आणि अभिलेख कक्षाची किल्ली

॥ श्री रामलिंग प्रसन्न ॥

येडशी,
गुरुवार

शंभुलिंगअप्पांना नारायणरावाचा सप्रेम नमस्कार.

याच्यापुढचे ठरलेले शब्द एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या हाताला सवयीनं येतात, पण अकरा वर्षांनी तुम्हाला लिहिताना ते फार सरकारी वाटले, म्हणून खोडले आहेत. तुमची प्रकृती बरी असावी. शिवम्मावहिनींचे गुडघे कसे आहेत? त्यांनी जिना चढणं बंद केलं असं कानावर आलं. (कानावरच येतं, कारण विचारायला तोंड राहिलेलं नाही.) आमच्याकडे शामलाला बीपीची गोळी सुरू झाली आहे आणि माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या महिन्यात झालं. अक्षर आता नीट दिसतं, पण ओळ उजवीकडे वर चढत जाते, तेवढं चालवून घ्या. अप्पा, पत्र कामाचं आहे. अभिलेख कक्षाच्या किल्लीच्या ज्या प्रकरणात तुमची अव्वल कारकुनाची बढती गेली आणि आपलं बोलणं संपलं, त्याबद्दल मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती वाचून तुम्ही माझ्याशी पुन्हा बोलाल की पत्र बंबात घालाल, ते मला ठाऊक नाही. ती एकदम सांगायची हिंमत होत नाही, म्हणून आधी आमच्या घरी काय घडलं ते लिहितो. मधली पानं कृपा करून गाळू नका, त्यांचा संबंध आहे.

आमची अश्लेषा तुम्हाला आठवत असेलच. आता सत्तावीस वर्षांची आहे, पुण्याच्या एका कंपनीत आहे आणि दोन वर्षांपासून आमच्याच माडीवर बसून काम करते. काम काय, तर ऑपरेटिंग सिस्टिममधले डिव्हाइस ड्रायव्हर लिहिणं. (गल्लीत हे सांगितल्यावर दोघांनी लायसनची चौकशी केली. मी आता सांगणं सोडलं आहे.) कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं यंत्र यांना एकमेकांची भाषा येत नाही, तेव्हा ड्रायव्हर हा मधला दुभाषी. तिच्याकडे हवेतला ओलावा मोजणारी करंगळीच्या नखाएवढी एक चिप आहे आणि त्या चिपशी एका वेळी एकानंच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले तर ती कुणाचंच धड ऐकत नाही. (आपल्या जुन्या साहेबांचंही असंच होतं.) म्हणून तिच्याशी बोलायला जाणाऱ्यानं आधी कुलूप घ्यायचं, बोलून झालं की सोडायचं, आणि तोवर बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. इथपर्यंत मला पटलं. पण ऑपरेशननंतर एकदा चहा घेता घेता ती म्हणाली की सध्या तिचं काम ही कुलपं आपोआप सुटतील असं करण्याचं आहे, तेव्हा मी बशी खाली ठेवली. ज्या माणसानं एकतीस वर्षं रोज संध्याकाळी कुलूप तीनदा ओढून पाहिलं, त्याच्या पोटी आपोआप कुलपं उघडणारी मुलगी यावी याचं मला मनापासून दुःख झालं, आणि मी ते बोलून दाखवलं.

तिनं शांतपणे समजावलं. (शांतपणा आईचा नव्हे, माझाही नव्हे. कुठून आला ते माहीत नाही.) कामाच्या त्या खोलीला, म्हणे, एक दार नसतं, सहा-सात असतात. काम पुरं झालं तर एका दारानं बाहेर, चिपनं चुकीचा आकडा दिला तर दुसऱ्यानं, ती बोललीच नाही तर तिसऱ्यानं. जुन्या पद्धतीत प्रत्येक दारापाशी ‘आता कुलूप सोड’ अशी ओळ माणसानं आठवणीनं लिहायची. सगळीकडे लिहिली आणि एका दारापाशी विसरली, तर त्या दारानं जाणारा कुलूप घेऊनच जातो आणि मागची रांग कायमची उभी राहते. यंत्र ओरडत नाही, धूर सोडत नाही, नुसतं गप्प होतं. नव्या पद्धतीत ज्या महिरपी कंसात कुलूप घेतलं तो कंस संपला की ते आपोआप सुटतं, मग तुम्ही कुठल्याही दारानं बाहेर पडा, विसरायची सोयच नाही. महिरपी कंसाचं नाव काढल्यावर माझा विरोध मावळला. कंसावर माझा पहिल्यापासून जीव आहे. माझ्या टिपणीत कंसच जास्त आणि मजकूर कमी म्हणून साहेबांनी एकदा ती परत पाठवली होती आणि तुम्ही ती कंस काढून पुन्हा लिहून दिली होती. त्याचे आभार तेव्हा मानायचे राहिले, ते इथे मानतो.

आता चांगली गोष्ट कळली की ती घरात लागू केल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या परसात बोअरच्या मोटारीची खोली आहे. बोअर चार घरांत सामाईक आणि किल्ली एकच, आमच्या दाराजवळ खिळ्याला. जो तो ती घेऊन जातो आणि कुठेही ठेवतो. त्या सुमारास माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा, वाकायचं नाही, वाचायचं नाही, दिवसातून सहा वेळा थेंब. रिकामा होतो. वाटेवर खुर्ची टाकून मीच राखणीला बसलो. किल्ली कुणाच्या हातात आहे ते दिसत नव्हतं, पण ऐकू तर येत होतं. तेव्हा असा नियम केला की परसातून बाहेर पडणाऱ्यानं माझ्यासमोर मोठ्यानं ‘जातो’ म्हणायचं, ‘जातो’ ऐकलं की मी हात पुढे करणार, आणि किल्ली हातात पडल्याशिवाय माणूस पुढे सरकणार नाही. शामलाकडून हा नियम पुठ्ठ्यावर लिहून घेतला आणि खाली सही केली. (ती पुठ्ठ्याबाहेर गेली.)

अप्पा, ज्या गावात घरातून निघणारं एकही माणूस ‘जातो’ म्हणत नाही, तिथे मी हा नियम केला. पहिल्या दिवशी नऊ जण माझ्यासमोरून गेले आणि नऊच्या नऊ ‘येतो काका’ म्हणून गेले. मला वाटलं, माणूस काही आणायला गेला असेल, परत येणारच आहे, त्याच्याकडे किल्ली कशाला मागायची? हात मांडीवरच राहिला. संध्याकाळी समोरचे महारुद्र ‘येतो बरं का नारायणराव, लई उशीर झाला’ असं म्हणून जे निघाले ते थेट माकणीला लेकीकडे, तीन दिवसांसाठी, किल्ली खिशात घेऊन. दुसऱ्या दिवशी शामलाचं हळदीकुंकू होतं. चाळीस बायका आल्या आणि टाकीत तांब्याभरही पाणी नव्हतं. काठापदराच्या साड्या नेसलेल्या बायकांनी गल्लीच्या टोकाच्या हातपंपावरून कळशा आणल्या आणि येता-जाता प्रत्येकीनं तो पुठ्ठा वाचला. मी फोन लावला तर महारुद्र म्हणाले, “किल्ली? माझ्याच खिशात हाय की! पण म्या येतो म्हणलं होतं.” त्यांचं बरोबर होतं. मी सुचवलं की निदान किल्लीपुरतं तरी लोकांनी ‘जातो’ म्हणावं. त्यावर शामला पाहुण्यांसमोर एवढंच म्हणाली, “माझ्या उंबऱ्यातून ‘जातो’ म्हणून कुणी जायचं न्हाय. पाणी न्हाय मिळालं तरी चालंल.” पुठ्ठा त्याच संध्याकाळी बंबात गेला.

अश्लेषा हे ऐकून जिन्यातच बसून हसली. तिच्या कॉम्प्युटरच्या भाषेतही म्हणे बाहेर पडायला ‘रिटर्न’च म्हणतात, म्हणजे आपलं ‘येतो’च. फक्त तिथे शब्दावर कुणी विसंबत नाही, कंस संपला की नाही ते पाहतात. पण पुढच्या आठवड्यात तिचंही हसणं थांबलं. तिनं केलेली दुरुस्ती जगभरचे लोक तपासतात आणि पत्रापत्री सगळ्यांसमक्ष होते. त्यातल्या कुठल्याशा थंड देशातल्या एका गृहस्थानं दाखवून दिलं की जुन्या ओळी पुसताना तिच्याकडून एक दार राहून गेलं आहे. चिप बोललीच नाही तर तिथून बाहेर पडणारा कुलूप घेऊन जाणार. मी लगेच उत्तराचा मसुदा तोंडी सांगायला घेतला. (‘उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, सदर बाब तांत्रिक स्वरूपाची असून…’ इथपर्यंत छान जमला होता.) तिनं तोवर उत्तर पाठवलंसुद्धा. दोन ओळी होत्या. चूक माझी आहे, दुरुस्त करून पाठवते. खाली पूर्ण नाव.

मी विचारलं, एवढ्या लोकांसमोर कबूल कशाला करायचं? ती म्हणाली, “मग काय झालं बाबा? चूक कुठं हाय ते सांगितलं न्हाय तर पुढचा माणूस नुसता शोधत बसंल.” आणि ताट वाढून घेता घेता, माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, “सगळं सुरळीत चाललं की कुलूप सुटतंच. माणूस घाबरून मधूनच बाहेर पळतो, तेव्हाच राहतं.”

अप्पा, मला अकरा वर्षांपूर्वीचा तो किल्लीचा दिवस आठवला.

त्या दिवशी साहेबांची तपासणी होती आणि कक्षाचा चार्ज तुमच्याकडे होता. मी आत फेरफाराची नोंदवही काढत होतो. बारा वाजता शाळेतून फोन आला की रामलिंगच्या सहलीत अश्लेषाचा डबा माकडानं पळवला, ती त्याच्यामागे धावली, पायऱ्यांवरून पडली आणि डोळे उघडत नाही. मी बाहेर आलो, हाताच्या सवयीनं कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं आणि पळालो. किल्ली तुमच्या खुर्चीमागच्या खिळ्याला लावायची, ती सदऱ्याच्या खिशात गेली. दवाखान्यात दोन वाजता खिशात हात घातला तेव्हा ती सापडली. फोन करायला हवा होता, पण पोरगी शुद्धीवर नव्हती आणि मला काही सुचत नव्हतं. इथपर्यंतचं तुम्ही माफ केलं असतं, हे मला माहीत आहे. पुढचं मलाच माफ करता येत नाही. तोवर साहेबांनी हातोड्यानं कुलूप फोडायला लावलं होतं आणि तुम्हाला मेमो दिला होता. तिसऱ्या दिवशी मी कामावर आलो तेव्हा अश्लेषा उठून बसली होती, दूध प्यायली होती, मला सगळं सुचत होतं. साहेबांनी लेखी विचारलं, किल्ली कोठे होती? आणि मी लिहिलं, ‘किल्ली नेहमीच्या खिळ्यास अडकवून गेलो होतो.’ एक ओळ. त्यात एकही कंस नव्हता. तुमच्या सेवापुस्तकात ‘निष्काळजी’ हा शेरा माझ्या त्या एका ओळीनं पडला. मी घाबरलो होतो, दुसरं कारण नाही. त्यानंतर तुम्ही बदली घेऊन नळदुर्गला गेलात आणि मी सगळ्यांना सांगत राहिलो की अप्पाच माझ्याशी बोलत नाहीत. खरं म्हणजे तुम्ही दोनदा येडशीला आलात, दोन्ही वेळा मी मागच्या दारानं बाहेर पडलो.

चूक माझी आहे. हे लिहायला मला अकरा वर्षं लागली. अश्लेषाला चहा थंड होण्याएवढाही वेळ लागला नाही.

वहिनींना नमस्कार सांगा, सांगावासा वाटला तर.

तुमचा,
नारायण

ता. क. – मंगळवारी मी आपल्या जुन्या कार्यालयात जाऊन माझं तेव्हाचं उत्तर खोटं होतं असा लेखी जबाब दिला आहे. तिथल्या मोनिका नावाच्या नव्या कारकूनबाई म्हणाल्या, “काका, दोघंबी रिटायर झालात, आता कशाला?” मी म्हटलं, आवक क्रमांक टाका. त्यांनी टाकला. शेरा काढून टाकण्यासाठी अर्ज मात्र तुमचाच लागतो. तो भरून सोबत जोडला आहे, फक्त सही हवी आणि महिनाअखेरच्या आत हवी. पत्राचं खरं काम एवढंच होतं.

ता. क. २ – पाकीट बंद करण्याआधी अश्लेषाला पत्र वाचायला दिलं, ते तिच्या कामाबद्दल काही चुकीचं लिहिलं नाही ना हे पाहण्यासाठी. तिनं त्यातल्या दोन चुका सांगितल्या (मला त्या कळल्या नाहीत, तशाच ठेवल्या आहेत) आणि मग म्हणाली की अप्पांना हे माहीत आहे. मागच्या वर्षी ती नळदुर्गचा किल्ला पाहायला आली होती तेव्हा तुमच्याकडे जेवली, हे तिनं आम्हाला सांगितलंच नव्हतं. मी त्या दिवशी स्कूटरला किक मारत होतो तेव्हा तुम्ही व्हरांड्यात होतात. किल्ली माझ्या खिशातून अर्धी बाहेर आलेली तुम्हाला दिसली होती. तुम्ही हाक मारायला तोंड उघडलंत, माझा चेहरा पाहिलात आणि मिटून घेतलंत. आणि ती निघताना तुम्ही तिला म्हणालात, “तुझ्या बाबाला बोलू नको. त्येला सांगू वाटंल तवा सांगंल. म्या हाय की.”

म्हणजे वरची सगळी पानं तुमच्या उपयोगाची नाहीत. तरी पाठवतो आहे. अर्जावर सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा. अप्पा, हाक मारली नाहीत, ती पोरीसाठी, हे समजलं. पण तिसऱ्या दिवशी पोरगी बरी होती. मी साहेबांपुढे ती ओळ लिहिली तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात आणि तरीही गप्प राहिलात. ते कुणासाठी, एवढंच मला कळवा. कार्डावर एक शब्द लिहिलात तरी पुरे.