सरपंचाची मान

सोम. ८ जाने. ७९
सातपूरच्या लॅबमध्ये आज महिना झाला. सशाच्या कानातल्या शिरेत थेंब थेंब औषध सोडायचं, मान खाली पडली की डोस लिहायचा. माणसांच्या ऑपरेशनला स्नायू सैल करायला हे चालेल का, ते बघायचंय. लॅबच्या प्रमुख मॅडमचा नियम: सशांना फक्त नंबर, नावं नाहीत. ७ नं.ला मी मनात सरपंच म्हणते. मिशाच तशा आहेत, मी काय करू!

बुध. १०
आजही झकास आकडे. एवढ्याशा औषधात माना खाली! मॅडम खूष. "साळवेबाई, हात चांगला आहे तुमचा." घरी येताना द्वारका स्टॉपपर्यंत बसमध्ये उभी होते, पाय दुखलेसुद्धा नाहीत.

गुरु. ११
घात. सशांचं बघणारे काशिनाथभाऊ आज शेजारी उभे होते. सरपंचाने मान खाली घातली, मी पेन उचललं, तर म्हणाले, "ताई, त्याला काय बी नाय झालं. त्यो तुमचा खिसा हुंगतोय."
खिशात कोथिंबीर! काम झालं की एकेकाला काडी देते ना. आता माझा पांढरा कोट दिसला की सगळे मान खाली घालतात. म्हणजे महिन्याचे आकडे औषधाचे नाहीतच.
खरा डोस बराच जास्त असणार. त्यात श्वासाचे स्नायूही सैल पडतात. मागच्या औषधात दोन ससे गेले, म्हणे. आणि पुन्हा सुरू झालं तर पहिली पाळी सरपंचाचीच, आज त्याचंच अर्धवट राहिलं. सांगू की...

शुक्र. १२
सांगितलं. हे औषध उद्या कोणाच्या तरी आईला टोचणार, गप्प कशी बसू? मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. "पानं फाडू नका. कोथिंबीर लिहा त्यात." मग गंभीर होऊन, "सोमवारी पुन्हा सुरू. पहिला सात नंबर."
जेवण गेलं नाही.

सोम. १५
खिसा रिकामा, कोट धुतलेला. दुप्पट डोस झाला तरी सरपंच ताठ! तिपटीच्या जरा आधी मान पडली, खरीखुरी. नाकाला गुदगुल्या केल्या तरी उचलेना. मग श्वासच थांबला. मॅडमनी मास्क धरला, मी रबरी पिशवी दाबत होते. एक, दोन, सोड. काशिनाथभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे. सहा मिनिटं.
मग पिशवी आपोआप हलली. मी दाबली नव्हती. त्याने स्वतः श्वास घेतला! दहाव्या मिनिटाला मान वर, मिशा चालू. उताऱ्याचं इंजेक्शन न देता! मी सगळ्यांदेखत ओरडले, "सरपंच!" मॅडमनी ऐकलं, नुसतं तिळाच्या वड्यांचं ताट पुढे केलं. मी चार खाल्ल्या. घरी आईला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदाही तिने टाळ्या वाजवल्या.

मंगळ. १६
सरपंच रोजच्यापेक्षा जास्त खातोय. मॅडम म्हणाल्या, एका सशावर काही ठरत नाही, अजून अकरा हवेत. बरोबरच आहे त्यांचं. "उद्या कुठला ससा घ्यायचा, तो नंबर तुम्हीच लिहा, साळवेबाई."
काशिनाथभाऊंनी हळूच विचारलं, "ताई, त्या आठ नंबरचं नाव काय वो?"
म्हणजे त्यालाही मी मनात नाव ठेवलंय, हे भाऊंना कळलंय. पेन हातात आहे, उद्याच्या नंबरचा रकाना कोरा.