छापलेलं हलत नाय

२ ऑक्टोबर, दसरा
आजपासून वही लिहिणार. चौथी शिकले ती फुकट नाय.
अनिल खर्डीहून सोनं द्यायला आला. आपट्याचं पान हातात ठेवता ठेवता बोलला, भूमिकाला पुण्याला नोकरी लागली, दिवाळीनंतर ती जाईल, मग आये तू एकटी कशी राहशील. शेळी विकू, घराला कुलूप लावू, खर्डीला चल. कारण काय, तर मी गॅस चालू ठेवते. मी बंदच करते. या घरात कोणतरी शिरतं. नाव कळलं की इथे लिहीन.
खर्डीला त्याच्या दोन खोल्या. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. मी जाणार नाय.

४ ऑक्टोबर
भूमिका म्हणजे अनिलची मुलगी. मुरबाडला कंपनीत जाते म्हणून माझ्याकडे राहते. तिने लढाईचा खेळ बनवलाय. दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात तसा टेबलावर सिद्धगड, पण मावळे नुसते उभे करायचे नाय, फासे टाकून लढवायचे. नियम फोनात. पीडीएफ म्हणे. ते नेटवर फ्री सोडणार, ज्याला पाहिजे त्याने घ्यावे.
मी बोलले, फुकटच्या वस्तूला लोक उंबऱ्याच्या आत घेत नाय. छाप. ती बोलली, छापलं की घेणारे चार, आणि चूक छापली गेली तर ती कायमची. फोनात बसल्या जागी सुधारता येते. म्हटलं, तेच तर वाईट. बसल्या जागी बदलतो तो नियम कसला, तो पुढारी.

५ ऑक्टोबर, रविवार
पैज लागली. अनिल वेढा घालणार, मी किल्ला राखणार. दर रविवारी एक डाव, शेवटचा पाडव्याला. किल्ला राखला तर मी इथेच, गेला तर खर्डी. अनिल हसत कबूल झाला. भूमिका पंच. ती हसली नाय.
किल्लेदाराने परवलीचा शब्द ठरवून पंचाच्या कानात सांगायचा. लिहायचा नाय. मी असा ठेवला की विसरायचा म्हटला तरी विसरणार नाय. दिवसभर तोंडात असतो.
किल्ल्यावर नाचणी पेरली. चंद्री आत्तापासून वास घेते. शेळीची जात, हिरवं उगवायच्या आधी हिला कळतं.

१२ ऑक्टोबर, रविवार
माझे मावळे धान्य आणायला खाली उतरले होते. परत आले तर अनिल बोलला, शब्द सांग, मग दार उघडेल. म्हटलं, असा नियमच नाय. भूमिकाने फोन दाखवला. होता. म्हणजे आठवड्यात कोणीतरी बदलला. माझं म्हणणं खरं झालं. मी डाव थांबवला. छापून आणल्याशिवाय फासा टाकणार नाय.
भूमिका बोलली, आजी, हा पहिल्यापासून आहे. पहिल्यापासून आहे म्हणणारे सगळे असंच बोलतात.
अनिल जेवला, गॅसचं बटण फिरवून बघितलं, गेला.

१५ ऑक्टोबर
मुरबाडच्या झेरॉक्सवाल्याकडून पुस्तक आलं. वर प्लास्टिक, बाजूला तारेची गुंडाळी. देखणं आहे. शब्दाचा नियम यात पण आहे. बदललेलंच छापलं गेलं. असू दे, आता तरी हलणार नाय. खाली पेन्सिलने रेघ ओढली.
शब्द आहे. तोंडात आहे, बाहेर येत नाय. ओढलं की पाय रोवतो, शेळीसारखा. शेळीला संध्याकाळी नुसतं 'ए' केलं. आली. नावाची गरज काय जनावराला.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
सकुबाई शेजारीण गावभर माझं सांगते, "हौसाबाय माझ्या दारात उभी राहून आपली कडी शोधत होती." दोन्ही दारं निळी. चूक रंगाऱ्याची.
किल्ल्यावरचे दोन मावळे गायब होते. तांदळाच्या डब्यात सापडले. शिरणाऱ्याला माझा डाव मोडायचाय. अनिलने पाठवला असेल काय?
ठरलं. उद्यापासून दार आतून लावून बसणार.

१९ ऑक्टोबर, रविवार
काल दार आतून लावलं आणि मी बाहेर राहिले. कसं ते कळत नाय. भूमिकाने कौलं काढून उघडलं.
आजचा डाव बरा गेला. अनिलचे लोक तटाखालून मागे हटवले. पण माझे अजून बाहेरच आहेत.
अनिल गेल्यावर भूमिका अंगणात माझ्याजवळ येऊन बसली. हळू बोलली, "आजी, मी नियम बदलते. शब्द लिहून ठेवला तरी चालेल, असं करते. फोनात लगेच होतं. बाबांना कळणार पण नाय."
म्हटलं, "छापलेलं हलत नाय गो. मीच छापायला लावलं ना?"
तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कांदा चिरत असेल. अंगणात.

२२ ऑक्टोबर, पाडवा
सकाळी सगळे बसले. सकुबाई तमाशा बघायला आलीच, बोलावल्याशिवाय.
नाचणी बोटभर आली होती. मावळे दाराशी नेले. तेवढ्यात शेळी दावं तोडून घुसली आणि तटावरची हिरवळ खायला लागली. सगळे तिच्या नावाने ओरडले. सकुबाई, अनिल, सगळे. भूमिका ओरडली नाय. माझ्याकडे टक लावून बघत होती, देवाला कौल लावल्यासारखी. म्हटलं, बघतेस काय, हाकल तिला.
मग अनिल बोलला, "आये, शब्द."
मी नाचणी म्हटलं. नाय. दिवा म्हटलं. नाय. सिद्धगड म्हटलं. सकुबाई हसली, मग पदर तोंडाशी नेला. नियमाने तीनच वेळा.
"चंद्री, आजी," भूमिका बोलली. "तुझी चंद्री."
म्हटलं, असं कोण नाय आपल्यात.
अनिल जिंकला तरी हसला नाय. सगळे मावळे उचलून डब्यात भरले, दाराबाहेरचे पण. हे नियमात नाय. पुस्तक उघडून दाखवणार होते. कोणी बघितलं नाय.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
कुलूप लागलं. भूमिका पंधरवड्याने पुण्याला जाणार, तोवर तिचा पण मुक्काम खर्डीला. शेळी सकुबाईने नेली. रिक्षामागे कोणाची तरी ओरडत होती, कान किटले.
मी थोडे दिवस राहून परत येणार आहे. अनिलला तसं सांगितलंय. तो हो बोलला. लगेच हो बोलला.
पुस्तक बरोबर आणलं. त्यात कोणीतरी पेन्सिलने रेघ ओढून ठेवलीय. चांगल्या वस्तूची लोकांना कदर नाय.
शिरणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाय. म्हटलं, बस आता कुलपाच्या आत एकटा.
संध्याकाळी माझा चष्मा सुनेच्या पिठाच्या डब्यात सापडला.
तो पण आलाय.