ओडेसाच्या दारात गवत

हिकरी क्रॉसिंग, जॉर्जिया
१४ जून १९८३

चि. थर्मन यास,

अ. उ. आ. आशीर्वाद आईचे आहेत म्हणून देते, पण या खेपेला दात-ओठ खाऊन देते आहे, हे ध्यानात ठेव.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. क्लिओमावशीने आठवडाभर मला खाटेवरून हलू दिलं नाही, मक्याची लापशी आणि मासे खाऊ घालून वैताग आणला. काल तिच्या मुलाने गाडीतून घरी आणून सोडलं. उतरले तर समोर सगळं हिरवं. मला वाटलं, डोळा बिघडला. तो झाकून दुसऱ्याने पाहिलं, तरी हिरवंच. पोराला विचारलं, बाबा, कुणाच्या घरी आणलंस मला? तर तो दात काढून म्हणतो, मावशी, थर्मनदादाने तुला सरप्राइज दिलंय.

अरे, सरप्राइज म्हणून लोक केक पाठवतात. चर्चला घालायला टोपी पाठवतात. तू गवत पाठवलंस! ट्रक भरून वळकट्या आल्या म्हणे, मुळांसकट, मातीसकट, जाजम गुंडाळावं तशा. आणि त्याआधी मशीन फिरवून माझं अंगण उकरलं. उकरलं, थर्मन! तुझ्या आजीपासून रोज झाडून झाडून ती जमीन अशी टणक झाली होती की सांडलेलं मीठ वेचून घ्यावं. तिच्यावर नांगर फिरवलास. मी मेल्यावर तरी फिरवायचास.

माझी आई म्हणायची, जिच्या दारात गवत ती बाई आळशी. या रस्त्यावर मला आजवर कुणी आळशी म्हटलं नाही. गवताचं नाव विचारलं तर म्हणे सेंटिपीड, म्हणजे गोम! घरात निघाली तर मी चपलेने ठेचते, आणि तू ती दारात अंथरलीस. वर गवतवाला बजावून गेलाय की दोन वेळा पाणी घाला आणि काही आठवडे वर पाय ठेवू नका. मग मी घरातून बाहेर उडत जाऊ काय?

फोन करू नकोस. फोनवर तू मधे मधे बोलतोस. पत्रात तुला तोंड मिटून ऐकावं लागतं.

लोभ आहे. पण गवत निघेपर्यंत तो वाढायचा नाही.

तुझी आई,
ओडेसा


क्लीव्हलंड
२१ जून १९८३

ती. आईस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. तुझ्या सुनेने, डोरिनने ते वाचलं आणि खुर्चीत बसून हसली. मला मात्र हसू आलं नाही.

आई, तुझं वय शहात्तर. डॉक्टरांनी तुला वाकायला मनाई केलीय. आणि तू रोज सकाळी उठून खराटा घेऊन धूळ उडवणार? कुणासाठी? आता शहाण्यासुरत्या घरांपुढे हिरवळ असते. इथे माझ्या दारात आहे, मी स्वतः कापतो, आणि संध्याकाळी अनवाणी तिच्यावर बसतो. तुलाही तसं बसता यावं असं वाटलं, तर मी गुन्हा केला?

तू विसरलीस, पण मी विसरलो नाही. हार्लनसाहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळ मी दहा वर्षांचा असल्यापासून कापत होतो. जुलैच्या उन्हात. तू आत त्यांचे कपडे धूत होतीस. एकदा दमून त्या गवतावर टेकलो, तर बाईसाहेब जाळीच्या दारातून ओरडल्या की पोराला उठवा, गवत दबतंय. त्या दिवशी ठरवलं होतं, एक ना एक दिवस माझ्या आईच्या दारात याहून चांगली हिरवळ लावीन. ती लावली. तर तू मला गोम म्हणतेस.

ऑगस्टमध्ये सगळा गोतावळा जमेल, तेव्हा त्यांनाही बघू दे. आणि दुसरी गोष्ट, ती मी बोलणारच. तू एकटी असतेस. पडलीस-झडलीस तर कुणाला कळणार? डोरिनने मागची खोली रिकामी केली आहे. विचार कर. तोवर पाणी घालत राहा, नवं गवत उन्हात लगेच जळतं.

तुझा रागावलेला, तरी आज्ञाधारक,
थर्मन


हिकरी क्रॉसिंग
२९ जून १९८३

चि. थर्मन,

अनेक आशीर्वाद. तुला गोम म्हटलं नाही, गवताला म्हटलं. तरी टोपी बसत असेल तर घाल.

पाणी घालते आहे, ऊन टाळून पहाटे अंधारात आणि रात्री. तहानलेल्याला पाणी नाकारायला मला कुणी शिकवलं नाही, मग ते तुझं गवत का असेना. पण इथे सावलीतसुद्धा कोंबड्या चोची वासून बसल्यात. विहिरीचं पाणी गढूळ यायला लागलंय, ते तुझ्या गवताच्या घशात चाललंय आणि माझ्या घेवड्याच्या वेली सुकल्यात. सालं गवत खाताही येत नाही.

हार्लनबाईंची गोष्ट मी कशी विसरेन? मी त्याच खिडकीशी इस्त्री करत उभी होते. माझ्या हातात तापलेली इस्त्री होती, देवाने बाईंना वाचवलं. पण बाळा, नीट ऐक. ते गवत तुला हवं होतं. मला नव्हतं. मी संध्याकाळी तिथून निघायची ती माझ्या झाडलेल्या अंगणात पाय कधी ठेवते असं व्हायचं. तिथे मला कुणी ऊठ म्हणत नव्हतं. तुला जे मिळालं नाही ते तू माझ्या दारात आणून टाकलंस, आणि माझं जे होतं ते उकरलंस. आधी विचारलं असतंस तर तोंड झिजलं असतं का?

आता, मी पडले तर कुणाला कळणार म्हणतोस. समोरच्या युलाला कळणार. तुला ठाऊक आहे, कुंपणाजवळचं झुडूप तिने खराट्यासाठी तोडलं तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. झुडूप माझं होतं. ती म्हणते तिचं. असो. पण रोज सकाळी उठून मी आधी अंगण झाडते, ती तिचं झाडते. मग ती ओसरीवर येऊन माझ्या अंगणाकडे बघते. खराट्याच्या ताज्या रेघा दिसल्या की आत जाते. मीही तिच्या रेघा बघून मगच कॉफी ठेवते. तुझे वडील गेल्यापासून हेच चाललंय. त्याला बोलायची गरज काय?

आता ती बिचारी ओसरीवर मान उंचावून उभी राहते. गवतात काय वाचणार? जाळीच्या दारामागची मी तिला दिसत नाही. मी जिवंत आहे की नाही हे आता फक्त तुझ्या गोमेला ठाऊक.

मागची खोली डोरिनला शिवणकामाला वापरू दे. हे घर मी सोडणार नाही.

लोभ आहे तेवढाच आहे.

आई


क्लीव्हलंड
७ जुलै १९८३

ती. आईस सा. न.

कारखान्यात मी पन्नास माणसांना कामाला लावतो, पण तुझ्यापुढे हात टेकले. आई, फोन नावाची वस्तू निघाली आहे! दोन म्हाताऱ्या वीस-बावीस वर्षं एकमेकींशी तोंड उघडत नाहीत आणि खराट्याने तारा पाठवतात, हे मी कुणाला सांगू? माणसाच्या जिवाची काळजी अशी घ्यायची असते का? धुळीतल्या रेघांच्या भरवशावर मी तुला तिथे ठेवणार नाही. मेळावा झाला की तू माझ्याबरोबर गाडीत बसायचंस. सामान बांधून ठेव. यावर वाद नको.

गवताला खत घालायला माणूस पाठवतो आहे.

तुझा,
थर्मन


हिकरी क्रॉसिंग
१८ जुलै १९८३

चि. थर्मन,

आशीर्वाद. खतवाला आला होता, त्याला दारातूनच हाकलला. आता जे लिहिते ते उभ्याने वाचू नकोस, बसून वाच.

काल रविवार. मी चर्चला जायच्या तयारीने ओसरीवर आले. समोर पाहिलं तर युलाच्या अंगणात कालच्याच रेघा, कोंबड्यांनी विस्कटलेल्या. ताजी एक नाही. रविवारी तर ती जास्तच नेटकं झाडते, येणारे-जाणारे बघतात म्हणून. थोडा वेळ थांबले. म्हटलं, उशिरा उठली असेल. मग माझं मलाच पटेना. टोपी तशीच डोक्यावर, रस्ता ओलांडला. तिच्या अंगणात इतक्या वर्षांत पाय टाकला नव्हता.

स्वयंपाकघरात कुशीवर पडली होती. चूल चालू, रात्रीच्या बिस्किटांचा कोळसा झालेला. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात हलेना, पण डोळे उघडे. मला बघून त्या डोळ्यांत पाणी आलं. आणि थर्मन, तुझा तो फोन होता तिच्याकडे. फोन भिंतीवर आणि ती जमिनीवर. रात्रभर ती त्याच्याकडे बघत पडली होती.

मी फोन केला, अँब्युलन्स आली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर गेली होती. आता वाचेल. बोलणं जड झालंय, पण नर्सकडून मला निरोप पाठवला की ओडेसाचे आभार, आणि झुडूप माझंच होतं. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे.

काल घरी येऊन मी तुझ्या हिरवळीसमोर उभी राहिले. तिच्या जागी मी असते तर? तुझं गवत हिरवंगार, टवटवीत हसत राहिलं असतं. युला ओसरीवर आली असती, त्याच्याकडे बघितलं असतं, आणि आत जाऊन कॉफी ठेवली असती. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी पण.

माणसाच्या जिवाची काळजी कशी घ्यायची असते ते तू मला शिकवतोस! सामान बांधलेलं नाही. बांधणार नाही. मला अंगण परत हवंय.

आई


क्लीव्हलंड
२३ जुलै १९८३

ती. आईस कृ. सा. न. वि. वि.

मेळाव्याच्या आधी आठवडाभर रजा टाकून येतो. फावडं आणतो आहे. खोलीत डोरिनने शिवणयंत्र मांडलं. युलाकाकूंसाठी तिने लोकरीची शाल दिलीय, जुलै आहे हे तिला सांगून काही उपयोग झाला नाही.

दोन घेवड्याच्या शेंगा शिल्लक असतील तर माझ्यासाठी ठेव.

तुझा,
थर्मन


हिकरी क्रॉसिंग
१९ ऑगस्ट १९८३

चि. थर्मन यास,

अ. उ. आ. आणि ते या वेळी मनापासून.

पोहोचल्याचं पत्र मिळालं. पाठ अजून दुखते लिहितोस, दुखू दे. गवत लावायला दुसऱ्याला पैसे दिलेस, काढायला स्वतःची पाठ लागली, हा न्यायच झाला. तुझ्या वळकट्या पाद्रीबाईंनी चर्चमागच्या घरापुढे अंथरल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. तिथे ते शोभतं. त्यांनी मागितलं होतं, म्हणून शोभतं.

जमीन हळूहळू बसते आहे. तू ओंडक्याने दोन दिवस ठोकलीस त्यापेक्षा मेळाव्याच्या दिवशी जास्त काम झालं. सगळ्या भाचरांनी आणि नातवंडांनी दिवसभर धावून, आणि म्हाताऱ्यांनी जेवणानंतर नाचून, ती अशी दाबली की तुझी आजी बघायला हवी होती. क्लिओमावशी पंधरा वर्षांत नाचली नव्हती. आता गुडघा धरून बसलीय आणि मलाच शिव्या देते.

पण एक तुला सांगायचंच आहे. निघायच्या दिवशी सकाळी तू माझ्याआधी उठून अंगण झाडलंस. चांगलं केलंस. पण मूर्खा, इतकी वर्षं बघितलंस तरी शिकला नाहीस? झाडायचं ते मागे मागे सरत, म्हणजे आपले पाय आपल्याच रेघांवर पडत नाहीत. तू पुढे पुढे झाडत गेलास. ओसरीपासून फाटकापर्यंत तुझ्या बुटांचे ठसे, एक इथे, एक तिथे, आणि फाटकाशी खराटा टेकवून ठेवलेला. कारखान्यात पन्नास माणसांना कामाला लावतोस म्हणे!

तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी युला दवाखान्यातून घरी आली. हातात काठी, पण चालते. काल सकाळी मी झाडून आत गेले, कॉफी ठेवली, तर दारावर काठीची टकटक. बघते तर युला, धापा टाकत. माझ्या फाटकात तिने पाय ठेवला तो झुडपाच्या भांडणानंतर पहिल्यांदाच. तिला तिच्या ओसरीवरून दिसलं होतं की अंगण झाडलंय, पण मधला एक पट्टा तसाच आहे, सहा दिवस तसाच आहे. तिला वाटलं, झाडता झाडता मी पडते की काय.

मी तिला दारातूनच तो पट्टा दाखवला. तिने मान वळवून त्या पट्ट्याकडे पाहिलं. बुटांचे ठसे, कडा वाऱ्याने थोड्या ढासळलेल्या, पण अजून तुझेच. बराच वेळ बघत राहिली. मग वाकड्या तोंडाने, एक एक शब्द ओढत म्हणाली, तुझ्या पोराला झाडता येत नाही. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य, तेही तुझ्या नावाने!

तिला कॉफी दिली. जाताना ठशांच्या कडेकडेने गेली, एकावरही काठी पडू दिली नाही.

पाऊस येईपर्यंत मी तो पट्टा झाडणार नाही. डोरिनला आणि मुलांना पापे. पुढच्या वर्षी लवकर ये, तुला झाडायला शिकवते.

लोभ वाढला आहे. डोक्यावर बसू नकोस.

तुझी आई,
ओडेसा