नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्यात

प्रिय वगैरे काही न लिहिता,

तुझा छापून आलेला लेख वाचला आणि किळस आली. उंदरांच्या अंगातल्या ज्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उठतात, मूत्रपिंडं नासवतात आणि मरता मरत नाहीत, त्या तुझ्या औषधानं मरतात म्हणे. मूत्रपिंडं अगदी ठणठणीत! पण औषध दिलंस सगळ्या नरांना, आणि नुसतं पाणी सगळ्या माद्यांना. त्या उंदरांत हा आजार माद्यांनाच लवकर आणि जोरात होतो. त्याच प्रयोगशाळेत एकतीस वर्षं पिंजरे सांभाळून मीच तुला हे शिकवलं होतं. तुझे नर औषधाविनाही तेवढेच टिकले असते.

फोनवर विचारलं, तर म्हणालास, "मावशी, पिंजरे आधीपासून तसेच लावलेले होते गं. कोण बघतंय एवढं?" वर हसलास. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टरनी अशा हसण्यासाठी तासभर बाकावर उभं केलं असतं.

तुझी आई बघतेय. तिला तोच आजार. लेकाचं औषध येणार म्हणून तिनं महिन्यापासून जुन्या गोळ्या बंद केल्यात. पाय सुजून चपलेत मावत नाहीत. मी खरं सांगितलं, तर म्हणते, "ताई, तुला त्याचं कौतुक बघवत नाही."

आत्ता समोर बसून विचारतेय, "त्यालाच लिहितेस ना? माझी शाबासकी कळव."

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. तुला फोन लावून तिच्या हातात देते. मला जे हसत सांगितलंस, ते तिला सांग.

नाइलाजानं तुझी,
मावशी