चमरियंग आजींची मान्यता

चियांग माई, ३ जून

चि. निरमोन ऊर्फ कोळंबी हिस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. हातात मोबाईल असून मामाच्या हट्टापायी कागदावर लिहितेस, याचं पुण्य तुला पुढल्या जन्मी मिळेल. या जन्माची हमी मी घेत नाही. बँकॉकच्या जनसंपर्क कंपनीत दोन महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं म्हणून तुझी आई गल्लीभर सांगत सुटली आहे. जनसंपर्क म्हणजे काय, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्याने जे बोलायला हवं होतं ते आपण लिहायचं. आम्ही पोथ्यांवाले त्याला प्रक्षेप म्हणतो आणि तो हुडकण्यात जन्म घालवतो. तुम्ही तो करायला शिकता आणि वर प्रमाणपत्र मिळवता.

चेष्टा पुरे. वरिष्ठांच्या सहीचा मूल्यमापन अर्ज विद्यापीठात गेला नाही तर पदवी एक वर्ष लांबते, हे विसरू नकोस. समारंभात नेसायचं रेशीम आईने मागावर चढवलंसुद्धा. वेळेवर जेव. मोठ्यांशी वाद घालू नकोस. त्या कामाला मी आहे.

माझा लोभ आहेच, तुझा किती शिल्लक आहे ते उलट टपाली कळव.

तुझा विचितमामा


बँकॉक, १२ जून

ती. मामा यांस कोळंबीचा सा. न. वि. वि.

लोभ पुष्कळ आहे, वेळ नाही. माझ्या वरिष्ठ कन्लयाताई. बोलणं साखरेचं, डोळा ससाण्याचा. नदीपलीकडे कालव्याकाठी उंच इमारत होते आहे, तिच्या उद्घाटनाचं निवेदन मला दिलंय. त्या जागेवर पूर्वी चमरियंग आजींचं लाकडी घर होतं. त्यांच्या तोंडचं एक वाक्य निवेदनात हवं. आजींना कधी भेटायचं, असं मी विचारलं तर ताई म्हणाल्या, वेडी का खुळी तू, आधी आपण लिहायचं, मग मान्यता येते. मग मी लिहिलं: ‘ही जागा मी आनंदाने सोडली. इथे येणाऱ्या प्रत्येक घराला माझा आशीर्वाद आहे.’ ताईंनी पाठ थोपटली.

इथली एक रीत सांगते. निवेदन वर्तमानपत्रांकडे जाण्याआधी त्याची एक प्रत त्या जागेवरच्या देवघरात ठेवायची, म्हणजे भूमीचा अदृश्य धनी राहतो त्या खांबावरच्या छोट्या घरात. सोबत लाल सरबत आणि उदबत्ती. समारंभात विघ्न नको म्हणून. हे काम शिकाऊंचं. घाईत मी साधी प्रत ठेवायची ती मान्यतेची चिठ्ठी टाचलेली ठेवली. खाली ‘मान्य’ आणि ‘बदल’ असे दोन चौकोन असतात, ती.

दुसऱ्या दिवशी प्रत आणायला गेले. ‘बदल’च्या चौकोनात पेन्सिलीची खूण होती आणि ‘आनंदाने’वर एक सरळ रेघ.

ताई खूप हसल्या. गवंड्यांचा चावटपणा म्हणाल्या. मीही हसले, पण त्यांच्यानंतर.

आईला नमस्कार, तुम्हाला दोन.

कोळंबी


चियांग माई, १८ जून

चि. कोळंबीस आशीर्वाद. वि. वि.

तुला पहिला संपादक लाभला, अभिनंदन. तीस वर्षांत माझ्या एकाही लेखावर इतका नेमका शेरा आला नाही. विशेषण काढलं की वाक्याचा ताप उतरतो, हे मी दर वर्षी पोरांना घसा फोडून सांगतो. तिथे कुणाला तरी ते न शिकवता कळलेलं दिसतं.

आता तर्क. तिथे रखवालदार असेल, त्याच्याकडे पेन्सिल असेल आणि दुपार लांब असेल. भूत व्हायला एवढं भांडवल पुरतं. दुसरी प्रत ठेव, फाटकाला कुलूप घाल, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेव. प्रत कोरी आली तर रखवालदाराला भात-मासे खाऊ घाल. गरीब बिचारा करमणूक करत होता.

आणखी एक. त्या आजीबाईंना कुणी विचारलंय का? प्रक्षेप करायचाच तर मूळ ग्रंथकार राहतो कुठे, एवढं तरी ठाऊक असावं.

रागावली नसशील तर लोभ तसाच ठेव.

विचितमामा


बँकॉक, २७ जून

ती. मामा यांस सा. न. वि. वि.

सांगितलंत तसं केलं. रखवालदार कंबोडियाचा, खमेर आहे, त्याला थाई अक्षर वाचता येत नाही, आणि देवघराच्या कोपऱ्याकडे तो दिवसासुद्धा फिरकत नाही. ‘आनंदाने’ काढून ‘ही जागा मी सोडली’ एवढंच ठेवलं. कुलूप घातलं. सकाळी माझ्याच किल्लीने उघडलं. ‘सोडली’वर रेघ होती. समासात एकच शब्द: ‘नाही.’

मग आजींना शोधत निघाले. त्यांची लेक बुप्फामावशी पलीकडच्या विहाराच्या भिंतीशी नारळाचे आप्पे विकते. मी कंपनीचं नाव सांगितलं तेव्हा तिचा हात साच्यावरच थांबला. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या, मामा. त्याच घरात, पाण्यात उतरणाऱ्या पायरीवर. जागा विकण्याच्या कागदांवर त्यांनी सही केलीच नाही. त्या गेल्यावर मावशीच्या भावांनी केली. मी प्रत दाखवली. मावशीने हात पुसले, कागद उन्हाकडे धरला आणि म्हणाली, हे आईचं अक्षर. आजी चाळीस वर्षं विहाराच्या शाळेत शिकवत होत्या. लाल शाई कधी वापरली नाही. पोराला चूक खोडता यावी म्हणून पेन्सिलच.

आप्पे करपले तरी मावशी हलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, पोरी, नको ते तिच्या तोंडी घालू.

ताईंना सांगितलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आशीर्वादाचं वाक्य इमारतीच्या मालकांना फार आवडलंय, त्याने तिथे घर घेणाऱ्यांची भीती जाते. शुक्रवारी निवेदन त्या वाक्यासह जाईल, नाहीतर माझ्या अर्जावर त्यांची सही होणार नाही. काय करू? आईला काही बोलू नका.

कोळंबी


चियांग माई, १ जुलै

चि. कोळंबीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यावर विनोद शोधला, सापडला नाही. मी घाबरलेलो नाही. हे पत्र मात्र अंगणात, उन्हात बसून लिहितो आहे.

रखवालदार मी मागे घेतो. दुसरा तर्क सुचत नाही, आणि सुचेल त्यावर माझाच विश्वास बसणार नाही. तेव्हा तर्क सोडून सांगतो. ते वाक्य पाठवू नकोस. आजींच्या नावापुढची जागा कोरी ठेव. कोऱ्या जागेला खोटं म्हणता येत नाही. सही गेली तर वर्ष जाईल. तुझ्या आईशी मी बोलेन. ती मला लहानपणापासून रागावत आली आहे, आणखी एकदा रागावेल.

त्या जागी एकटी जाऊ नकोस. जाशीलच, तर नमस्कार करून जा.

या खेपेस लोभ मागत नाही, खुशाली तेवढी उलट टपाली येऊ दे.

विचितमामा


बँकॉक, १५ जुलै

ती. मामा यांस सा. न. वि. वि.

खुशाल आहे. क्रमाने सांगते.

जागा कोरी ठेवून प्रत देवघरात ठेवली. ती भरून आली: ‘मी इथेच आहे. आत येताना मला हाक मारावी.’ खाली ‘मान्य’वर खूण. आमच्याकडे नियम आहे की मान्यता असलेला मजकूरच बाहेर जातो. मी तोच पाठवला. वर्तमानपत्रांना तो फारच आवडला. उद्घाटनाला पाहुणे दारात थांबून, हसत, ‘चमरियंग आजी, आलो हो’ म्हणत आत गेले. बाहेर येताना कुणी हसत नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. मी आत गेले नाही.

सोमवारी ताईंनी माझा अर्ज कोराच मेजावर टाकला आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी दुसरं ऑफिस शोध. मी जेवायला गेले. परत आले तर वरिष्ठांच्या शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘मुलगी विचारून लिहिते. उत्तीर्ण.’

अर्ज तसाच पिशवीत घालून विद्यापीठ गाठता आलं असतं, मामा. तसा विचार आलाही, तुमच्यापासून कशाला लपवू. पण रकान्याखाली छापलेलं नाव ताईंचं होतं. आजींच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, तर ताईंच्या तोंडी तरी कसे घालू? मी अर्ज त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, हा मजकूर तुमच्या नावावर आहे, मान्य की बदल ते सांगा.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्चीच्या कडेला बसत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, वीस वर्षांत दुसऱ्यांची किती वाक्यं लिहिली त्याचा हिशेब नाही, आणि विचारायला एकाहीकडे गेले नाही. पेन काढलं, सही केली, शेऱ्यावर एक रेघही मारली नाही.

नंतर त्यांनी स्वतःचा खण उघडला, आतल्या सगळ्या पेन्सिली काढून माझ्या ओंजळीत घातल्या आणि म्हणाल्या, जाताना घेऊन जा, इथे नकोत. मी त्या मेजावर परत ठेवल्या. सगळ्या गार होत्या, एक मात्र कुणी नुकतीच हातातून खाली ठेवल्यासारखी ऊबदार.

पदवीचं नक्की झालं, हे आईला तुम्हीच सांगा. बाकीचं काय सांगायचं, ते आधी तिच्या भावाला विचारते. लोभ सगळा तुमचाच.

कोळंबी