पांढऱ्या लुगड्यावरचा रंग

बाई, यवतमाळला तुम्ही राहायचात त्या गल्लीत मी मागच्या महिन्यात जाऊन आलो. घर तसंच आहे, पण त्यात आता दुसरी माणसं राहतात आणि तुमचं नाव घेतल्यावर त्यांनी नुसतीच मान हलवली. तुम्ही हे जग सोडून गेलात तेव्हा मी बी.एड. करत होतो. बातमी उशिरा कळली, आणि भेटायला जायचं, बोलायचं, सगळं राहूनच गेलं. आता मीही तुमच्यासारखं विज्ञान शिकवतो, आर्णीजवळच्या एका शाळेत. बायको मुलीच्या कॉलेजसाठी अमरावतीला असते आणि मी इथे एका खोलीत. संध्याकाळी तिचा फोन येतो. जेवलात का, गोळी घेतली का, एवढं झालं की बोलणं संपतं. शाळेत तर हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलतात. ते का, ते सांगायलाच बसलो आहे, आणि सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही.

मी सातवीत होतो ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. कापसावरची अळी काही केल्या मरत नव्हती. गावात ज्याच्या त्याच्या पाठीवर पंप, आणि दुकानदार सांगेल त्या दोन-तीन बाटल्या एकत्र ओतून लोक फवारत सुटले होते. त्याला सगळे औषध म्हणायचे. तुम्ही एकट्याच विष म्हणायचात, आणि आम्हाला त्याचं हसू यायचं. वर्ग अर्धा रिकामा असायचा, कारण पोरं बापाला पाणी आणून द्यायला वावरात गेलेली. एक दिवस तुम्ही हजेरी मिटलीत आणि म्हणालात, उद्या कुणाच्या तरी घरून पंप आणा. पंप आमच्या घरचा आला. माझा मोठा भाऊ, दादा, आठवीनंतर शाळा सोडून लोकांच्या वावरात फवारणीला जायचा, त्याचाच तो पंप. तुम्ही आम्हाला हात लावू दिला नाही. धुण्याचा सोडा घालून स्वतः पुन्हा पुन्हा धुतलात, उन्हात वाळवलात. मग दुकानातून होळीचा उरलेला गुलाबी रंग मागवलात, तो पाण्यात कालवून पंपात भरलात, आणि दुसऱ्या दिवशी पांढरं लुगडं नेसून शाळेत आलात.

तुमचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले होते, हे गावाला माहीत होतं. सासरच्यांनी तेव्हा दिलेलं ते लुगडं तुम्ही कधी नेसला नव्हतात, हे आम्हाला पुढे कळलं. शाळेमागच्या कपाशीत तुम्ही पंप पाठीवर घेऊन शिरता, एक ओळ फवारून परत येता आणि आमच्यासमोर उभ्या राहता. हळूहळू गोल फिरता. मानेवर गुलाबी, कमरेजवळ गुलाबी, कारण पंप गळतो. दोन्ही पायांवर पोटरीपर्यंत गुलाबी. हनुवटीखाली थेंब. 'बघा, कुठे कुठे आहे. फळ्यावर माणूस काढा आणि त्याला रंगवा,' तुम्ही म्हणता. मी उठून मान रंगवतो, कंबर रंगवतो. 'पायावर कसा आला? पायावर तर मी मारलाच नाही.' तुम्ही आम्हाला उत्तर दिलं नाही, परत कपाशीत नेलंत आणि ओल्या पानांतून चालायला लावलंत. माझ्या खाकी चड्डीला त्या दिवशी लागलेला रंग पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

गावात मात्र बोभाटा झाला तो वेगळाच. विधवा बाई पोरांसमोर रंग खेळली. विष कुठे कुठे पडतं हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही, तुमच्या अंगावर रंग पडला एवढंच सगळ्यांना दिसलं. आमच्या घरीही तेच. आई चुलीपुढे भाकरी थापता थापता म्हणाली, "काहून केलं वं बाप्पा असं तिनं? नवरा मेलेल्या बाईनं रंग अंगावर घ्यावा?" दादा दाराशी बसून जेवत होता. तो म्हणाला, "रंग घेतला म्हनून बोलून राह्यली तू. मी रोज काय अंगावर घेऊन येतो, ते नाई दिसत तुले." आईने भाकरी तव्यावर टाकली. दादाने मला जवळ बसवून सगळं विचारलं, कुठे रंग होता, कुठे नव्हता, आणि मी शाळेत गिरवला तसा माणूस चुलीतल्या कोळशाने जमिनीवर काढून दाखवला.

त्याच आठवड्यात तुम्ही आमच्या घरी आलात. आईला वाटलं, माफी मागायला. तुम्ही सरळ स्वयंपाकघरात शिरलात, चुलीशेजारी मीठ ठेवलेला तो रिकाम्या औषधाचा डबा उचललात, मीठ परसात नेऊन मातीत पुरलंत आणि अंगणात दगडाने खिळा ठोकून त्या डब्याला भोक पाडलंत. आई संतापली. चांगला घट्ट झाकणाचा डबा होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टीलचा डबा पाठवलात, मिठाने भरून. आईने तो आठवडाभर वापरला नाही, मग वापरायला लागली, आणि शेवटपर्यंत कुणी विचारलं तर ‘बाईचा डबा’ म्हणायची. संस्थेकडे तुमची तक्रार गेली होतीच. तुमच्याकडून विज्ञान काढून घेतलं आणि पाचवीला शिवणकाम दिलं. वर्षभर तुम्ही पाचवीच्या पोरांना बटणं लावायला शिकवत होतात. मी व्हरांड्यातून जाताना तुम्ही वर बघत नव्हतात. तेव्हा मला वाटायचं, तुम्ही रागावला आहात. आता, माझंही तसंच काहीसं झाल्यावर, वाटतं की तुम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघायचीच इच्छा उरली नसेल.

मधल्या काळाचं काय सांगू. कपाशीचं बियाणं बदललं. अळी काही वर्षं गेली आणि परत आली. सरकारं तर कितीदा बदलली. विरोधात असले की आमच्या जिल्ह्याच्या कापसावर सभागृह बंद पाडतात, सत्तेत गेले की तीच माणसं समिती नेमतात. बाहेरच्या देशांत जे विष विकू देत नाहीत ते इथल्या दुकानात पुढच्या फळीवर मांडलेलं असतं. ओरड झाली की थोडे दिवस मागच्या खोलीत जातं आणि मग पुन्हा पुढे. शाळांचं म्हणाल तर प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आहे, कारण काच फुटली तर भरून कोण देणार. भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर प्रयोगाची चित्रफीत लावायची आणि पोरांनी टाळ्या वाजवायच्या. मी कुलूप उघडतो म्हणून कारकून माझ्यावर नाराज असतो. हे सगळं मी चिडून लिहितो आहे हे मला कळतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, चिड, पण धडा घे.

दादा मात्र तुमचा खरा विद्यार्थी निघाला, बाई, तुमच्या वर्गात कधी न बसता. फवारताना त्याने कधी तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला नाही. घरी यायच्या आधी नाल्यावर कपडे धुवायचा, आंघोळ करायचा, मगच उंबरा ओलांडायचा. वारा बघून मारायचा. लोक त्याची चेष्टा करायचे, ‘डाक्टर आला’ म्हणायचे, आणि तरी फवारायला त्यालाच बोलवायचे. मग गेल्या वर्षी भादव्यात कपाशीची पराटी डोक्याच्या वर गेली. तुम्ही कमरेएवढ्या कपाशीत चालला होतात. आता नळी वर धरून मारावं लागतं, आणि मारलेलं सगळं तोंडावर येतं. दादा दुसऱ्याच्या वावरात तीन-चार दिवस लागोपाठ गेला आणि एका दुपारी बांधावर बसला तो उठलाच नाही. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात त्याचा जीव वाचला. नजर गेली. उजेड कुठे आहे एवढं कळतं, बाकी काही नाही.

चौकशीला शेतीखात्याचे साहेब आले तेव्हा मी खाटेशेजारी होतो. मास्क होता का, हातमोजे होते का, चष्मा होता का. दादाने जे होतं ते सांगितलं. "नाई साहेब. दुपट्टा बांधला व्हता." अहवालात ओळ आली, मजुराने सुरक्षा साधने न वापरता निष्काळजीपणे फवारणी केल्यामुळे. वहिनीने ती कुणाकडून तरी वाचून घेतली आणि तिच्या तोंडून दादाला कळली. डोळे गेले तेव्हा तो माणूस रडला नव्हता. त्या ओळीनंतर त्याने पारावर जाणं बंद केलं. मी गेलो की एकच विचारायचा, "मी निष्काळजी व्हतो का गा? तूच सांग, तू तं शिकेल हायेस." त्या ओळीमुळे सरकारी मदत मिळाली नाही, याचं त्याला काही नव्हतं. आयुष्यभर जपून काम केलेल्या माणसाला सरकारने बेफिकीर ठरवलं, हे त्याला गिळता येईना. ती ओळ काढून घ्यायची असं मी ठरवलं. मी अर्ज केले, खेटे घातले, आणि प्रत्येक टेबलावर मला पुढचं टेबल दाखवलं.

मग आमच्या शाळेत कार्यक्रम लागला. सुरक्षित फवारणीचं प्रात्यक्षिक, मास्क, मोजे, चष्म्याच्या मोफत किटचं वाटप, आमदार आणि शेतीखात्याचे अधिकारी येणार. विज्ञानाचा शिक्षक म्हणून प्रात्यक्षिक माझ्याकडे. किट घालून पंप घेऊन उभं राहायचं, पोरांनी शपथ म्हणायची, फोटो काढायचा. मी दुकानातून गुलाबी रंग आणला. आतून पांढरा सदरा-पायजमा घातला, वरून ते प्लास्टिकचं किट, आणि पाहुण्यांना विनंती केली की शाळेच्या कुंपणापलीकडे पराटी आहे, तिथे चला. दुपार होती. आत शिरल्यावर दोन ओळींतच चष्म्यावर वाफ धरली आणि काही दिसेना. तो मी कधी कपाळावर सरकवला ते मलाही कळलं नाही. घामाने मास्क तोंडाला चिकटला. बाहेर येऊन मी सगळ्यांसमोर किट उतरवलं. गळ्याभोवती गुलाबी, पाठीवर गुलाबी, मास्कची आतली बाजू गुलाबी, पापण्यांवर गुलाबी. तुमच्यासारखा हळूहळू गोल फिरलो. मी म्हणालो, हे सगळं घालूनही रंग इथवर आला आहे, आता सांगा निष्काळजी कोण. आमदार हसून म्हणाले, "सर, होळी लवकर खेळले तुम्ही." सगळे हसले. माझ्याबद्दल गावात कुणी वाईट बोललं नाही, बाई. मी पुरुष आहे, रंग खेळलो तर खेळलो.

अधिकाऱ्यांना मी गाडीपाशी गाठलं आणि दादाचा अर्ज हातात दिला. वयाने लहान, चांगला शिकलेला माणूस. त्याने अर्ज उभ्या उभ्या पूर्ण वाचला. मग आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाला, "सर, तुमचं खरं आहे. मी पण शेतकऱ्याच्याच घरचा आहे. पण एक ओळ बदलली तर सगळ्याच बदलाव्या लागतील." त्याने अर्ज घडी करून मला परत दिला, अगदी अदबीने. मला राग यायला हवा होता, पण त्याची कीव आली. आठवड्याने मला संस्थेची नोटीस मिळाली, शासकीय कार्यक्रमाचा विपर्यास केल्याबद्दल. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत मी शिरलो की चहाचा विषय निघतो. एक जण तर मला एकटा गाठून म्हणाला, मनातलं बोललात सर, आणि दुसरं कुणी येताना दिसल्यावर वर्तमानपत्र उघडून बसला. एवढं एकटं मला वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्या कार्यक्रमाच्या संध्याकाळीच मी एसटीने गावी गेलो. दादा ओट्यावर बसला होता. माझी पावलं ओळखून त्याने बाजूला सरकून जागा केली. कार्यक्रमाचं त्याला आधीच कळलं होतं, गावातल्या पोरांनी फोनवर फोटो बघून सांगितलं होतं. "लय लोकं व्हते म्हंते," तो म्हणाला. मी म्हणालो, हो. "साहेबाले देला का कागद?" दिला. "वाचला त्यानं?" पूर्ण वाचला. दादाने हातातली काठी ओट्याला टेकवली. मग त्याने चेहरा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "मंग, खोडली का ते ओळ?"

आता तो रोज संध्याकाळी काठी घेऊन पारावर जाऊन बसतो. वहिनी सांगते, आल्या-गेल्याला सांगतो की साहेबाने चूक मान्य केली, कागदावरून नाव साफ झालं. लोकही त्याला तसंच म्हणतात, त्यांना कुठे माहीत आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि पत्ता असता तरी टाकलं असतं का, शंका आहे. बाई, मी त्याला म्हणालो, खोडली. माझ्या डोळ्यांदेखत खोडली.