आधी चुकलेलं, मग खुशाली

सापगाव, ता. शहापूर
१४ जून १९९८

चि. इंद्रजीत यास सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

संघरत्नाला तुझ्या अणुवीज केंद्रातून प्रशिक्षणाचं बोलावणं आलं आहे. डिप्लोमाला पहिला वर्ग मिळाला तेव्हा गावभर पेढे वाटले, हे पत्र मात्र दोन दिवस माझ्या खिशातच होतं. तुझी ताई माझ्याशी तुटक वागते आणि पोरगी तर बोलतच नाही. अर्ज तिचा असला तरी फूस मामाची, एवढं मला कळतं.

गेल्या महिन्यात अणुबाँबची चाचणी झाल्यापासून गावात तुझा भाव वधारला आहे. माझी आई विचारते की तो बाँब आपल्या इंद्रानं बनवला का रे, आणि बनवला तर त्याला जेवायला टाइम तरी मिळाला का नाय. वीज वेगळी, बाँब वेगळा, असं मी तिला समजावलं. खरं तर मलाच ते पुरतं उमजलेलं नाही.

विजेशी माझं वैर नाही. दिवे गेले की पोरांची पुस्तकं मिटतात, हे मी मास्तरकीच्या तीस वर्षांत रोज पाहिलं. पण आपल्यासारख्या गरीब देशानं एवढं अवघड जनावर दावणीला बांधावं का? रशियासारख्या बलाढ्य देशाला ते आवरलं नाही. आणि धरणात बुडालेलं माझं आंबेवळ गाव तू पाहिलेलं नाहीस. धरणाचे साहेब म्हणाले होते की पाणी चढायच्या आधी कळवू. आम्हाला कळलं ते पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हा. आई जात्याची वरची तळी डोक्यावर घेऊन निघाली. खालची अजून तिथेच आहे.

म्हणून एकच विचारतो. तिथे काही चुकलं तर तुम्ही लोक आम्हाला सांगाल का? उत्तर पटलं तर पोरीला पाठवीन. एक ऑगस्टला तिला हजर व्हायचं आहे.

कळावे. वाद घातला म्हणून लोभात कसर करू नये.

तुझा दाजी,
सोमा

*

कॉलनी
२६ जून १९९८

ती. दाजींना सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र म्हणजे सातवीचा पेपर झाला. प्रश्न एकच आणि गुण शंभर! आजीला सांगा, मी बाँब बनवत नाही. मापं घेणारी यंत्रं दुरुस्त करतो. जेवायला टाइम मिळतो, पण आमटी ताईच्या हातची नसते.

देश गरीब आहे म्हणून हे नको, असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, गरीब आहे म्हणूनच हवं. कोळसा जाळायचा तर खाण लागते, धरण बांधायचं तर आंबेवळ लागतं. इथेही लोकांच्या जमिनी गेल्या, ते मी लपवत नाही. जळून उरलेलं इंधन पिढ्यानपिढ्या सांभाळावं लागतं, हेही खरं. पण फुकटची वीज कुठेच नाही. तुमच्या घरी राहून मी दोन वर्षं शिकलो. कंदिलाची काच तुम्ही रोज स्वतः पुसायचात. पुढच्या पोरांच्या गुरुजींना ती पुसावी लागू नये, एवढ्यासाठी मी इथे आहे.

आता तुमचा प्रश्न. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज असतो. अंगाला किती किरण लागले ते त्यात नोंदलं जातं आणि महिन्याच्या शेवटी तो तपासतात. माणसानं लपवायचं म्हटलं तरी बॅज लपवत नाही. आषाढी पौर्णिमेला वंदनेसाठी येतो आहे, तेव्हा उरलेलं भांडण समोरासमोर करू.

लोभ आहेच, पौर्णिमेच्या खिरीतही दिसावा.

तुमचा,
इंद्रजीत

*

कॉलनी
१३ जुलै १९९८

ती. दाजींना सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र एकट्यानं वाचावं. ताईला सांगू नये, तिला फार लागेल. संघरत्नालाही नको, ती घाबरेल.

पौर्णिमेला मी पाळी संपवून तसाच गाडीत बसलो. बॅज फाटकापाशीच्या फळीवर लावून निघायचा असतो, तो घाईत खिशात राहिला. ताईनं सदरा धुतला, बॅजही धुतला आणि सुकायला चुलीवरच्या फळीवर ठेवला. रात्रभर तो तिथेच होता. त्याला धग लागली की आतली नोंद फिकी पडते. म्हणजे या महिन्यात मला किती किरण लागले, ते आता कुणालाच नीट कळणार नाही.

माझ्याबरोबर काम करणारा मुकेश म्हणाला की गुपचूप फळीवर लाव, आकडा कमीच येईल, कमी आकड्याबद्दल कोण विचारतंय. वाईट माणूस नाही तो, माझ्या काळजीनंच बोलला. मी बॅज हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. बढतीची मुलाखत पुढच्याच महिन्यात होती. पण सारखा तुमचा प्रश्न आठवत होता. मग साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. ठपक्याचं पत्र मिळालं, तीन महिने आतलं काम बंद, आणि यंदाची मुलाखतही गेली.

बॅज लपवत नाही, असं मी तुम्हाला ऐटीत लिहिलं होतं. तो तुमच्याच चुलीवर खोटा ठरला. वादात तुमच्या बाजूचा हा मुद्दा मीच तुम्हाला देतो आहे. संघरत्नाचं काय ते तुम्ही ठरवा, मी आता आग्रह करणार नाही.

लोभ कमी झाला तरी समजून घेईन.

तुमचा,
इंद्रजीत

*

सापगाव
२० जुलै १९९८

चि. इंद्रजीत यास सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझी विनंती मी मोडली. पत्र घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. अर्ध्यात मी चष्मा काढून ठेवला, पुढचं संघरत्नानं वाचलं.

तुझी ताई रडली. म्हणाली की मी मेलीनं तो साबणानं घासून चकचकीत केला, मला काय ठावं त्यात पोराची बढती व्हती. आई म्हणते की नुकसान आपल्या चुलीनं केलं, आता आमी तोंड वर करून काय बोलायचं नाय.

मी मात्र बोलणार. माझं मत बदललेलं नाही. एका इंद्रजीतच्या खरेपणावर देशाचा कारभार चालत नाही. तुझ्या जागी कुणी दुसरा असता तर? हा प्रश्न मी मरेपर्यंत विचारत राहीन. पण बाळा, मला तुझा अभिमान वाटतो. तुला शिकवलं याचा त्याहून जास्त वाटतो. धरणाच्या साहेबांपैकी एकानं जरी तुझ्यासारखं तोंड उघडलं असतं, तर आईचं जातं अख्खं आलं असतं.

पोरीला पाठवतो आहे. भरवसा बसला म्हणून नव्हे, बसत नाही म्हणूनच. ते जनावर दावणीला बांधलंच आहे, तर त्याच्यापाशी खरं बोलणारं आणखी एक माणूस असू दे. तिला अट घातली आहे. दर महिन्याला पत्र यावं, आणि त्यात आधी चुकलेलं असावं, मग खुशाली.

लोभ कमी व्हायचं नाव घेत नाही, त्याला मी काय करू?

तुझा दाजी,
सोमा

*

कॉलनी
३० ऑगस्ट १९९८

ती. बाबांना सविनय जयभीम.

आधी चुकलेलं.

पहिल्या दिवशी फॉर्म भरताना 'मूळ गाव' या रकान्यात मी सापगाव लिहिलं. आंबेवळ लिहिलं तर लोक विचारतील, मग सगळं सांगत बसावं लागेल, म्हणून सोपं ते लिहिलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की तुम्ही मला काठावर उभं करून आपलं घर कुठे होतं ते बोटानं दाखवायचात. मला लाज वाटली, बाबा. तिसऱ्या दिवशी जाऊन मी ते खोडलं आणि आंबेवळ लिहिलं. तिथले कारकून म्हणाले की हे गाव तालुक्याच्या यादीत सापडत नाही. मी म्हटलं की ते पाण्याखाली आहे, आणि कसं गेलं तेही सांगितलं. आजीच्या जात्यापर्यंत सगळं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं.

आणखी एक चूक. तुमची आठवण येत नाही असं मी मामाला सांगितलं होतं.

आता खुशाली. मामाचं आतलं काम अजून बंद आहे, म्हणून साहेबांनी त्याला आम्हा नव्या मुलांना बॅजचा धडा शिकवायला लावलं. तो सुरुवातच आपल्या चुलीपासून करतो. सगळे पोट धरून हसतात, तोही हसतो. मग तो ठपक्याचं पत्र काढून वाचून दाखवतो. तेव्हा कुणी हसत नाही. माझी छाती मात्र फुगते.

आईला सांगा की तिची चूल इथे सगळ्यांना ठाऊक झाली आहे. आजीला नमस्कार.

लोभ असावा, आणि अट दोन्हीकडून असावी. तुमच्या पत्रातही आधी चुकलेलं यावं. आसनगाव स्टेशनवर मला गाडीत बसवताना तुम्ही डोळ्यात कचरा गेला म्हणालात. तेवढी दुरुस्ती उलट टपाली पाठवावी.

तुमची,
संघरत्ना